'प्रदूषणाचा आणि ऐकण्याचा काही संबंध नाही' या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की कानाला पडदा असतो त्यामुळे हवेतली घाण आत जाऊच शकत नाही, रस्त्याजवळ राहणाऱ्यांना कमी ऐकू येतं ते हॉर्नमुळे, बाकीच्यांना वयामुळे, रिपोर्टवर कुठल्याच डॉक्टरने कारण म्हणून प्रदूषण लिहिलेलं नसतं, जे काही रिसर्च आहे त्यात काही सिद्ध झालेलं नाही, आणि शेवटी सल्ला असा की रोज कानात कोमट तेल घाला आणि निर्धास्त राहा. मी ऐकण्याच्या टेस्ट करते, रोजचं काम आहे माझं, आणि हा मेसेज मला पेशंटच आणून दाखवायला लागलेत म्हणून एकदा सविस्तर लिहितेय. यातल्या दोन-तीन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि म्हणूनच तो पटकन पटतो.

आधी पडद्याचं बघू. पडदा आहे, तो धूळ अडवतो, हे अगदी बरोबर. पण प्रदूषण कानाच्या भोकातून आत जातं असं कोणी म्हणतच नाहीये! ते जातं नाकातोंडातून. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो म्हणजे अंदाज करा केवढे बारीक, ते फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात, तिथे दाह सुरू होतो, त्या दाहातून तयार झालेली रसायनं रक्तात उतरतात, आणि सगळ्यात बारीक कणांपैकी काही तर स्वतःच रक्तात जातात. या कणांमुळे हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो हे आता कोणी नाकारत नाही. मग तेच रक्त आतल्या कानात जात नाही का?

आणि आतला कान म्हणजे काय प्रकरण आहे ते समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. कॉक्लिया म्हणजे अडीच वेढ्यांची एक नळी, सरळ केली तर जेमतेम ३५ मिलिमीटर. त्यात एका कानात साधारण १५ हजार केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी असतात, त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत, जेवढ्या जन्माला घेऊन आलो तेवढ्याच. या पेशी चालायला आतल्या द्रवात सतत ८० मिलीव्होल्टच्या आसपास विजेचा दाब टिकवून ठेवावा लागतो, ते काम कॉक्लियाच्या भिंतीतली रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पट्टी करते आणि तिला त्यासाठी अखंड ऑक्सिजन लागतो. आता हा ऑक्सिजन येतो कुठून, तर एका बारीक धमनीतून. एकच. तिला पर्यायी वाट नाही. अख्ख्या वस्तीला एकच पाइपलाइन असावी तसं, ती अरुंद झाली की दुसरीकडून पाणी वळवायची सोयच नाही. त्यामुळे शरीरभर रक्तवाहिन्यांना त्रास देणारी कुठलीही गोष्ट, डायबेटिस असो, सिगारेट असो, कानाला जाणवू शकते. प्रदूषण याच रांगेतलं आहे.

गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. त्याची विषबाधा झालेल्या लोकांची श्रवणशक्ती गेल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात जुन्याच आहेत. अमेरिकेतल्या ओशा आणि नायॉश या कामगार सुरक्षेच्या दोन सरकारी संस्थांनी २०१८ मध्ये मिळून एक पत्रक काढलं होतं, त्यात कानाला घातक रसायनांत कार्बन मोनॉक्साइड, शिसं, टोल्युइन, स्टायरीन ही नावं स्पष्ट आहेत. कारखान्यातलं प्रमाण रस्त्यावरच्या हवेपेक्षा खूप जास्त असतं हे मान्य, मी दोन्ही एका मापात मोजत नाहीये. पण 'हवेतून कानाला इजा होणं शक्यच नाही' हे वाक्य इथेच बाद होतं.

दुसरा मुद्दा हॉर्नचा, आणि हा खरंच विचार करण्यासारखा आहे. आवाजाने कान जातात यात वादच नाही, नायॉशची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. जिथे ट्रॅफिक तिथे धूरही आणि आवाजही, मग दोष कोणाचा? प्रश्न रास्त आहे. पण असा धूर शोधा ना ज्याला आवाजच नाही. सिगारेट! अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावात ४८ ते ९२ वयाच्या साडेतीन हजारांहून जास्त लोकांच्या ऐकण्याच्या टेस्ट झाल्या, १९९८ मध्ये निकाल छापून आले. सिगारेट ओढणाऱ्यांना कमी ऐकू येण्याची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा साधारण १.७ पट निघाली, आणि ती कामाच्या ठिकाणच्या आवाजासारख्या गोष्टींचा हिशोब वेगळा केल्यानंतरही टिकली. स्वतः न ओढणारे पण ओढणाऱ्यासोबत एका घरात राहणारे, त्यांच्यातसुद्धा प्रमाण जास्त होतं. मला स्वतःला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो कारण त्या माणसांनी फक्त दुसऱ्याचा धूर श्वासात घेतला होता.

शिवाय आवाज भिंतीने अडतो, अंतराने झपाट्याने कमी होतो. पीएम २.५ वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातं, खिडकीच्या फटीतून घरात येतं. म्हणजे शांत गल्लीत राहणाराही तीच हवा घेतो. आणि 'आवाज की हवा' अशी निवड करायलाच लावणं चुकीचं आहे, प्रयोगशाळेत उंदरांवर आवाज आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र वापरून बघितलंय, नुसत्या आवाजापेक्षा दोन्ही मिळून केलेलं नुकसान जास्त होतं. जो रोज ट्रॅफिकमध्ये उभा राहून काम करतो त्याच्या वाट्याला दोन्ही येतं, त्याला 'हॉर्नमुळे झालं, हवेचा काही संबंध नाही' असं सांगून काय मिळवतोय आपण?

वयाचं म्हणाल तर वयाने ऐकू कमी होतंच, पण एकाच वयाची दोन माणसं घ्या, त्यांच्या ऐकण्याच्या टेस्टचे ग्राफ सारखे नसतात. मधल्या फरकात आयुष्यभर काय सोसलं ते येतं.

आता रिपोर्टवर प्रदूषण का लिहिलेलं नसतं. ऑडिओमेट्री म्हणजे तुम्हाला बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक बारीक 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं, आणि कुठला स्वर किती डेसिबलला ऐकू आला त्याचे ठिपके कागदावर जोडायचे. आवाजाने झालेल्या नुकसानीत ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो आणि ८००० ला रेघ थोडी सावरते. वयाचं असेल तर रेघ उजवीकडे, म्हणजे उंच स्वरांकडे, उतरत जाते. प्रदूषणाची अशी वेगळी खूण नाही, उंच स्वर आधी जातात आणि ते वयाच्या रेघेत मिसळून जातं. पेशंट येऊन म्हणतात, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, कारण स, श, फ ही व्यंजनं वरच्या स्वरांत असतात आणि तीच आधी गळतात. आलेख किती गेलं ते सांगतो, कशामुळे गेलं ते क्वचितच. त्यामुळे रिपोर्टवर नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही.

राहिलं 'सिद्ध झालेलं नाही'. तैवान आणि दक्षिण कोरियात राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदी हवेच्या मोजमापांशी जोडून बघितल्या, त्यात गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइड या वायूचा संबंध ऐकण्याच्या नुकसानीशी दिसला. सगळ्या अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत, हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, आणि एका माणसाचा विचार केला तर आवाज आणि वय यांचा वाटा मोठा आहे, हे मी कोणापासून लपवणार नाही. पण माणसांना मुद्दाम वीस वर्षं धुरात बसवून प्रयोग कोणीच करणार नाही, करूही नये. शरीरातली वाट माहिती आहे, सिगारेटचा पुरावा आहे, नोंदी त्याच दिशेने बोट दाखवतायत. आणि हेडफोनचा आवाज आपण कमी करू शकतो, श्वास नाही कमी करता येत! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम केली, जगातली बहुतेक माणसं त्याहून खराब हवा घेतायत. धोका प्रत्येकाला थोडासाच असला तरी तो घेणारे अब्जावधी आहेत, आणि त्याच संघटनेच्या हिशोबाने आजच सुमारे १५० कोटी लोकांना कमी-जास्त प्रमाणात ऐकू कमी येतं.

शेवटी तेल. पडदा शाबूत असेल तर तेल त्याच्या अलीकडेच राहतं, केसपेशींपर्यंत पोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र आत जातं आणि इन्फेक्शन करतं, आणि भोक आहे की नाही हे घरी कळत नाही. पण मला खरी काळजी वेगळी आहे. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, कानात गुंगुं व्हायला लागलं किंवा कान गच्च दडपल्यासारखा वाटला, तर लोक मळ असेल म्हणून तेल घालून आठवडा घालवतात. असं झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ईएनटीकडे जा आणि टेस्ट करून घ्या, ही इमर्जन्सी आहे, स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दोन आठवड्यांत होतो, नंतर फारसा नाही.