सहा महिने ठीक, पण समोरासमोरचा वर्ग कुठे गेला?

बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांना मुलांमधलं अपंगत्व ओळखायला मोबाइलवरचा सहा महिन्यांचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरेसा आहे, हे लेखातलं विधान अर्धवट वाटलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात हा अभ्यासक्रम आहे खरा, पण त्याच परिच्छेदात समूह साधन केंद्रानं (शिक्षण विभागाचं स्थानिक मार्गदर्शन केंद्र) महिन्याला किमान एक प्रत्यक्ष वर्ग घ्यावा असंही म्हटलंय. लेखात नेमकं तेच गाळलंय.

मी मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. माझ्या देखरेखीखालच्या एका अंगणवाडीत साडेतीन वर्षांचा मुलगा होता, हाक मारली तरी बघायचा नाही. घरचे म्हणायचे, हट्टी आहे. सेविकेनं तो गाणी म्हणताना पाठमोरा असला की थांबतो आणि समोर आला की ओठ हलवतो, हे हेरलं. मग त्याच्या मागे उभं राहून हळूच डबा वाजवून पाहिला. ढिम्म! सरकारी आरोग्य तपासणी पथक वर्षातून दोनदा येणार, तोवर न थांबता आम्ही त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. बेरा या श्रवण चाचणीत ऐकण्याचा दोष निघाला. असं हेरायचं कसं, हे सेविकेला एका विशेष शिक्षिकेनं (दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या) शेजारी बसून दाखवलं होतं, व्हिडिओनं नव्हे. दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, ते पाठ करून काय होणार? तो महिन्याचा वर्ग अंगणवाडीतच घ्या, मुलं समोर असताना, आणि त्या दिवशी सेविकेच्या मागे ॲपमध्ये वजन-उंची भरायचा तगादा लावू नका.