‘ज्याला जे बरे दिसेल ते त्याने करावे’ : बायबलमधील वचनाविषयी खुलासा

रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली, त्याच परिसरातील कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. ‘ज्याला जे बरे दिसेल ते त्याने करावे, असे बायबलच सांगते’ हा त्यातील दावा असून आधार म्हणून बायबलमधील ‘शास्ते’ या पुस्तकातील २१:२५ (प्रकरण २१, वचन २५) दिले आहे.

हा दावा चुकीचा आहे. त्या वचनात आज्ञा नाही. इस्राएलात राजा नव्हता आणि प्रत्येक जण स्वतःला योग्य वाटे ते करी, अशी खंत त्यात आहे. हेच वाक्य १७:६ मध्येही येते, तेही आईची १,१०० शेकेल (त्या काळचे वजनाचे माप) चांदी चोरणाऱ्या मीखाने स्वतःच्या घरातच देवघर मांडल्याच्या हकिगतीत. पुढे एका स्त्रीवर अत्याचार होतो आणि त्यावरून पेटलेल्या युद्धात इस्राएलातील बन्यामीन वंश जवळजवळ नष्ट होतो. ज्याने ही पाच प्रकरणे (१७ ते २१) सलग वाचली, त्याला हे वचन परवानगी वाटणे मला अशक्य दिसते. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (१२:८) तर असे वागू नका, असे स्पष्ट बजावले आहे.

‘मला सर्व गोष्टींची मोकळीक आहे’ हे येशूचा प्रेषित पौल याचे वाक्यही असेच अर्धे पाठवले जाते, आणि याचे मला अधिक दुःख होते, कारण ‘पण सर्वच गोष्टी हितकारक नाहीत’ हे त्याचे पुढचेच शब्द आहेत (करिंथकरांस पहिले पत्र ६:१२). येशूनेही आपल्यावरील प्रीतीची खूण म्हणून आपल्या आज्ञा पाळण्यास सांगितले आहे (योहान १४:१५).