पेशंटला विचारून काय कळणार? बरंच काही

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पेशंटचं ‘जीवनमान’ (म्हणजे त्याचं जगणं त्याला स्वतःला किती बरं वाटतं ते) मोजणं हे थोतांड, रिपोर्ट बघा, फार तर घरच्यांना विचारा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं असेल तर ते मोजमाप कसलं? शिवाय पेशंट आज एक सांगतो, उद्या दुसरंच.

‘उत्तर वेगळं’ हा आक्षेप आधी घेऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. डब्लिनच्या शल्यवैद्यांच्या रॉयल कॉलेजात १९९०च्या दशकात ‘सेइक्वोल’ नावाची पद्धत तयार झाली. तीत महत्त्वाच्या पाच गोष्टी पेशंटच सांगतो, प्रत्येक गोष्ट सध्या कशी चाललीय त्याला ० ते १०० गुण देतो आणि रंगीत चकत्या फिरवून कुठल्या गोष्टीचा वाटा किती ते दाखवतो.

समजा, डायलिसिसवरचे गोव्यातल्या डिचोलीचे एक आजोबा आहेत. त्यांची यादी अशी: चवथीच्या आरतीला घुमट हे मडक्याचं वाद्य वाजवणं (वाटा ४०, गुण २०), नातवंडं (२५, ८०), झोप (१५, ५०), मासळीचं जेवण (१०, ७०), शेजारपाजार (१०, ९०). सरळ सरासरी काढली तर ६२. वाटे धरले की ५१.५. हा फरक पाडला घुमटाने. घुमटाचं मागचं तोंड दाबायचा डावा हात नेमका फिस्टुलाचा (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेला), त्याच्यावर जोर द्यायचा नाही. किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या कागदावर हे कुठे छापून येतं?

‘रिपोर्ट पुरे’ याचं उत्तर त्यातच आलं. तरी हेही सांगतो: एएलएस या स्नायू लुळे करत जाणाऱ्या आजाराच्या पेशंटांवरच्या अभ्यासात शरीराची ताकद मोजणाऱ्या प्रश्नावलीचे गुण घसरत गेले, सेइक्वोलचे मात्र जवळजवळ तिथेच राहिले.

घरच्यांचं म्हणाल, तर चालणं-फिरणं त्यांना बरोबर सांगता येतं. वेदना आणि मन यांबाबत त्यांचा अंदाज चुकतो, आणि बहुतेकदा ते पेशंटपेक्षा कमीच गुण देतात. जीव तुटतो त्यांचा, दुसरं काय!

आणि उत्तर बदलतं, हे खरंच आहे. आजारपणात माणसाची मापं बदलतात. संशोधक ते मोजतात, मजकूरवाल्याला मात्र ती लबाडी वाटते.

एक मात्र मान्य. दोन औषधांत सरकारने पैसे कशावर घालावेत हे ठरवायला सेइक्वोल फारशी कामाची नाही. तिथे ईक्यू-५डी या प्रश्नावलीसारखे सगळ्यांना तेच पाच प्रश्न बरे. शिवाय ओपीडीच्या रांगेत चकत्या फिरवायला वेळ कुणाला आहे? ही मुलाखत वॉर्डात किंवा डायलिसिसच्या खुर्चीशीच घ्यावी. तिथे पेशंट चार-चार तास बसलेलाच असतो.