किती चमचे?

रात्री दोन वाजता मुलाचं अंग तापतं, औषधांचा डबा पालथा होतो आणि त्यातून पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या निघतात. तिन्ही अर्ध्या, तिन्ही चिकट. मग सगळ्या घराचा एकच सवाल, ‘‘किती चमचे द्यायचं?’’ माझ्या मते सवालच चुकलाय. उत्तर लेबलावरच्या बारीक अक्षरांत असतं, आणि ती अक्षरं छापणाऱ्याने रात्री दोनचा विचार केलेला नसतो.

डोस ठरतो वजनावर, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. वजन आजचं, लसीकरणाच्या कार्डावरचं गेल्या वर्षीचं नव्हे. १० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम धरू. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ६ मिली. ‘२५०’वालं असेल तर ३. आणि ड्रॉप्स असतील, ज्यांच्या १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात, तर फक्त दीड. ड्रॉप्स तान्ह्यांचे, म्हणून सौम्य, असं आजीसकट सगळ्यांना वाटतं. तिघांत जहाल तेच! तेच ६ मिली ड्रॉप्सच्या बाटलीतून गेले, तर चौपट डोस होतो, आणि यकृताला विनोद कळत नाही.

चहाचे चमचे घरोघरी वेगळे. त्यापेक्षा बिनसुईची सिरिंज घ्यावी. आधी बाटली हलवायची, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि वरच्यांना नुसता स्ट्रॉबेरीचा वास मिळतो. मूल बसतं करून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं. नाक दाबून ओतलं की ठसका. दुधाच्या बाटलीत मिसळलं आणि दूध अर्धं उरलं, की पोटात किती गेलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आई देते, बाबा देतात, आजीही ‘बिचाऱ्याला कोणी दिलंच नाही’ म्हणून देते. म्हणून वेळ फ्रिजवर लिहावी. दोन डोसांत किमान ४, शक्यतो ६ तास. २४ तासांत चारच डोस. सर्दीच्या सिरपातही पॅरासिटामॉल लपलेलं असतं, तेही यातच धरायचं. ॲस्पिरिन मुलांना नाही. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही नाही. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला, तर डबा उघडूच नये, थेट डॉक्टर गाठावेत.

औषध पोटात जाताच दर पाच मिनिटांनी थर्मामीटर लावणारे असतात. परिणामाला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि ताप उतरतो तोही एक-दोन अंशच. मूल पेज मागून खेळायला लागलं, तर आकडा १०१ असला तरी थर्मामीटर डब्यात ठेवावा. झोपलं असेल तर डोससाठी उठवू नये.