प्रश्न पाण्याच्या वेळेचाही आहे

लडाखमधल्या लेहच्या पाणीटंचाईवरचा तुमचा लेख वाचला. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, एवढं सांगून तो पुढे सरकला, याची रुखरुख वाटली. मोसमी ढग हिमालयाच्या रांगा दक्षिणेकडेच अडवतात, हे खरंच. पण साडेतीन हजार मीटरवरच्या या गावाची मोठी अडचण आहे ती पाणी येण्याच्या वेळेची. जवाच्या पेरणीला पाणी हवं एप्रिल-मेमध्ये, आणि वरच्या हिमनद्या नीट वितळायला लागतात जूनच्या सुमारास! म्हणून तर लडाखचे अभियंते चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यातच ओढ्याचं पाणी गावाजवळच्या सावलीच्या उतारावर बांध घालून गोठवलं. कमी उंचीवरचा हा बर्फ आधी वितळतो. आणि लेहमधली ऑगस्ट २०१० ची ढगफुटी? तेव्हा तर पाणी एकदमच कोसळलं. तिथली मातीची धाब्याची घरं अशा पावसासाठी बांधलेलीच नव्हती. तिथल्या हॉटेलांच्या पाणी उपसणाऱ्या बोअरवेलवरही कृपया सविस्तर लिहा.