चार गिरक्यांची उडी म्हणजे पदक पक्कं नव्हे

जळगाव-भुसावळकडच्या स्केटिंग शिकणाऱ्या पोरांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘फिगर स्केटिंगमध्ये चार गिरक्यांची उडी जमली की सुवर्ण पक्कं, बाकी नुसता नाच.’ हे साफ चूक आहे. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये रशियाचा स्केटर प्लुशेंकोने ती उडी मारली, अमेरिकेच्या लायसाचेकने मारलीच नाही. तरी सुवर्ण लायसाचेकला, १.३१ गुणांनी! अवघड उडीचे मूळ गुण जास्त असतात, हे खरं. पण पडलं की तेही कापले जातात, वर दंड वेगळा. जागेवरच्या फिरक्या आणि पावलांच्या जुळणीलाही गुण आहेत. रचना, सादरीकरण व स्केटिंग कौशल्याचे आणखी निराळे. म्हणून कळकळीने सांगतो, लहानग्यांना नुसत्या उड्यांच्या मागे लावू नका. आधी एका पायावर तोल धरून सफाईने वळू द्या.