देवळं बंद होती तेव्हा धर्म कुठे होता?

आषाढी जवळ आली की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. कोरोनाच्या काळात जन्मलेला आणि दरवर्षी थोडी भर पडत गेलेला. त्यात म्हटलेलं थोडक्यात असं: कोरोनात देवळं बंद आणि दवाखाने चालू होते, तेव्हाच कोण उपयोगाचं ते कळलं. वारीत लाखो लोकांचे दिवस वाया जातात. देवळांतल्या पैशांतून दवाखाने बांधा. जात आणि दंगली धर्मानेच दिल्या. डेन्मार्कसारखे देश धर्म सोडून सुखी झाले. तेव्हा आजच्या जगात धर्माचा माणसाला काडीचाही उपयोग उरलेला नाही.

पाठवणारे बहुतेक माझ्या ओळखीचे, शिकलेले, मनाने चांगले लोक आहेत. यातल्या काही मुद्द्यांशी माझं भांडणही नाही. निष्कर्षाशी मात्र आहे.

देवळं बंद होती हे खरं, आणि ती बंद ठेवायलाच हवी होती. पण 2020 ची आषाढी आठवून बघा. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका 30 जूनला मोजक्या लोकांसोबत एसटी बसने पंढरपूरला गेल्या. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या वारी चुकली नव्हती, त्यांनी त्या वर्षी घरातच एकादशी केली. आपल्यामुळे गावोगाव साथ पसरू नये म्हणून एवढी मोठी परंपरा थांबवणं त्यांना सोपं गेलं नसणार. त्याच उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ हायवेच्या कडेला एक लंगर अखंड चालू होता. ऐंशी ओलांडलेले एक बाबाजी आणि त्यांचे सेवेकरी, पायी, सायकलने, ट्रकने गावाकडे निघालेल्या मजुरांना जेवू घालत होते. हा लंगर कोरोनासाठी उघडलेला नव्हता. कित्येक वर्षं तो तिथेच चालू होता, म्हणून त्या दिवसांत तो हाताशी होता. सरकारी योजना संकट आल्यावर आखली जाते. धर्माने लावलेली सेवा संकटाच्या आधीपासून उभी असते, आणि हा फरक उपाशीपोटी रस्त्यावर चालणाऱ्याला बरोबर कळतो.

दवाखाना आणि देव यांना आमनेसामने उभं करण्यातही इतिहासाचा विसर आहे. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी उभं केलं, तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या हॉस्पिटलचं काम 1900 साली आयडा स्कडर यांनी सुरू केलं. दोघेही मिशनरी. धर्मप्रसाराचा हेतू त्या कामामागे होता हे लपवायचं कारण नाही. पण त्या टेबलांवर ज्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, ती माणसं वाचली.

वारीत दिवस वाया जातात, हे म्हणणाऱ्याने एकदा दिंडीचा कारभार जवळून बघावा. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवण, तंबू आणि सामानाच्या ट्रकमध्ये जागा. वळकटी ट्रकमध्ये टाकायची आणि चालायला लागायचं. ज्या बाईला वर्षभर चुलीपासून सुटका नाही, तिला दोन-अडीच आठवडे ताट वाढून मिळतं, आणि घरातलं कुणी नावं ठेवत नाही, कारण ती विठ्ठलाकडे निघालेली असते. तिच्या या दिवसांना 'वाया' म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

संध्याकाळची समाजआरती तर मुद्दाम बघण्यासारखी. माउलींची पालखी तळावर पोचली की दिंड्या सभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला जातो. चोपदार दंड उंचावतात आणि एवढा अफाट समुदाय क्षणात गप्प होतो. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथे जातात आणि सगळ्यांसमोर गाऱ्हाणं ऐकून घेतात. कुणाला पाणी मिळालं नाही, कुणाची जागा दुसऱ्याने घेतली. सगळे थांबलेले असताना एका दिंडीने टाळ वाजवत राहावं आणि बाकीच्यांनी ते ऐकून घ्यावं, ही शिस्त कुठल्या पोलीस बंदोबस्ताने आलेली नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत चाळीस माणसं इतकं ऐकून घेत नाहीत.

देवळांच्या पैशांबद्दल: दवाखाने बांधा म्हणता, तर शिर्डी संस्थान हॉस्पिटल चालवतं, शेगावचं संस्थान इंजिनिअरिंग कॉलेज चालवतं. हिशोब मात्र जरूर मागा. ट्रस्टमध्ये गडबड असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा, मी सोबत येईन. गाडगेबाबांनीही हातात आलेला पैसा देवळांत घातला नाही, धर्मशाळा बांधल्या. पण ते काम त्यांनी कीर्तन करत, 'गोपाला गोपाला' म्हणत केलं, आणि लोकांनी पैसा दिला तो त्या कीर्तनावरच्या विश्वासाने. आज दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलात कॅन्सरवर उपचार घेणारे पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात. बीड-परभणीहून आलेल्या माणसाला औषधाचा खर्च कसाबसा झेपतो, पण मुंबईत महिनोन्महिने राहायचं कुठे हा प्रश्न त्याला आधी मारतो. विज्ञान केमो देतं. ती केमो पूर्ण होईपर्यंत डोक्यावर छप्पर कुणीतरी द्यावं लागतं.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, जातीचा. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा भाग मी पूर्ण मान्य करतो. शास्त्राचा आधार दाखवून माणसांना पाण्यापासून आणि देवळापासून दूर ठेवलं गेलं. चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या बाहेर आहे, ती काही योगायोगाने नाही. काळारामाचं दार उघडावं म्हणून 1930 साली नाशिकला सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालूनही ते दार उघडलं नाही. पण ज्यांनी हे सगळं अंगावर सोसलं, त्यांनी पुढे काय केलं ते मेसेज सांगत नाही. 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. धर्मच नको, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी एकवीस वर्षं धर्मांचा अभ्यास केला आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांसह बुद्धाचा धम्म घेतला. मार्क्सही त्यांनी वाचलेला होता. तरी आपल्या लोकांना ताठ मानेने जगायला धम्म लागेल, हे त्यांनी ठरवलं. धर्माचा मार बाबासाहेबांपेक्षा जास्त कुणाला माहीत होता? त्यांचा निवाडा बाजूला ठेवून 'उपयोग नाही' म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

2001 च्या जनगणनेत देशाची साक्षरता 64.8 टक्के होती आणि बौद्धांची 72.7 टक्के. देशातले बहुसंख्य बौद्ध महाराष्ट्रातले, त्यातले बहुतेक एकेकाळी शाळेच्या दाराबाहेर बसवलेल्या घरांतले. याचं श्रेय एकट्या दीक्षेला देता येणार नाही, शिष्यवृत्त्या आणि राखीव जागाही होत्या. पण 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे स्टॉल बघा. खेड्यातून आलेली माणसं चैत्यभूमीवर माथा टेकतात आणि पिशवीत पुस्तकं घेऊन परत जातात. श्रद्धा आणि शिक्षण तिथे एकाच रांगेत उभे असतात.

पंढरपूरचं दारही उघडलं ते 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणाने. नास्तिक होऊन त्यांनी ते मागितलं नाही. संतांचाच हवाला देऊन मागितलं.

डेन्मार्कचं उदाहरण थोडक्यात संपतं. तिथले सत्तर टक्क्यांहून अधिक लोक आजही राष्ट्रीय चर्चचे सभासद आहेत आणि त्यासाठी वेगळा कर भरतात. रविवारी फारसं कुणी चर्चला जात नाही हे खरं. पण म्हातारपण, आजारपण आणि बेकारी तिथे सरकार सांभाळतं. मराठवाड्यातल्या विधवेला तो दिलासा अजून मिळालेला नाही, आणि तिच्या भजनी मंडळाच्या बायका सोडून तिच्या दारात येणारं फारसं कुणी नाही.

उरली अंधश्रद्धा. बुवाबाजी, नरबळी, भानामती यांविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर लढले आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तो उघडून बघा: वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लावलेला नाही, तसं कलमच त्यात आहे. शोषण करणारा बुवा आणि टाळ वाजवणारा वारकरी यांत फरक करणं दाभोलकरांना जमलं होतं. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनीही तो करावा, एवढंच माझं मागणं आहे.